चामडीच्या ओपीडीचा उन्हातला बाक

आमच्या पेशंटांनी नंबर येईपर्यंत ज्या व्हरांड्यात बसायचं, तो पूर्वेला तोंड करून आहे. सकाळी ओपीडी उघडली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऊन नेमकं तिथल्या लांब बाकावर पडलेलं असतं. हाडांच्या ओपीडीला सावली आहे, डोळ्यांच्या ओपीडीला सावली आहे, दातवाल्यांना तर कूलर आहे. ऊन आहे ते फक्त चामडीवाल्यांना. आत डॉक्टर मॅडम चिठ्ठीवर लिहून देतात, 'उन्हात जाऊ नये', आणि ती चिठ्ठी हातात पडण्याआधी तो माणूस सकाळभर उन्हात भाजून आलेला असतो.

ही गोष्ट मी नोकरीभर ऑफिसात सांगत आलो. नर्सरीत रोपांवर बांधतात तसली हिरवी जाळी बांधा, एवढंच माझं म्हणणं. दर वेळी उत्तर एकच: प्रस्ताव गेला आहे. कुठं गेला विचारलं, तर म्हणे पुढं.

दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहून द्या म्हणणाऱ्यांना वाटलं असेल, माणूस उपकार मानण्यापासून सुरुवात करील. उपकार आहेत, ते मी मानतो, पुढं लिहिणारच आहे. पण आधी बाक. कारण मला सांगायची आहे ती गोष्ट त्या बाकावरच सुरू झाली आणि तिथंच संपली.

मी मूळचा माणदेशातला. आठवीला असताना शाळा सोडली. लोकांना वाटतं गरिबीनं सोडली असेल. तसं काही नव्हतं, गणितानं सोडायला लावली. मग गावात टिवल्याबावल्या करत बसलो, तेव्हा बहिणीच्या नवऱ्यानं इकडं बोलावून घेतलं. तो गोंदियाला एका वसतिगृहात आचारी होता. रात्रंदिवस गाडीत बसून उतरलो, तर स्टेशनावरचा चहावाला हिंदी, रिक्षावाला हिंदी. मला वाटलं, झोपेत महाराष्ट्र संपला आणि आपण पुढं आलो. नंतर खेड्यातली माणसं भेटली, ती "काऊन गा?" म्हणायची आणि मी गप्प उभा. 'का रे' असं विचारतायत हे कळायलाच दिवस गेले. आणि माझं बोलणं ऐकून त्यांनी माझं नाव पाडलं पुणेवाले भाऊ. पुणं मी फक्त गाडीच्या खिडकीतून बघितलंय, हे सांगून सांगून थकलो. आता तेही सोडून दिलंय.

दवाखान्यात आधी झाडलोट करायला लागलो. चामडीच्या मॅडम नव्या आल्या, त्यांना हाताखाली माणूस पाहिजे होता, त्यांनी मला घेतलं. शाळा किती झाली ते विचारलं नाही. पट्टी कशी बांधायची, जखमेला कुठला हात लावायचा आणि कुठला नाही, काढलेला तुकडा बाटलीत घालून तपासणीला कसा न्यायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. त्या शिकवण्यावर माझा संसार उभा राहिला. म्हणून त्यांच्यावर चिडायचा मला हक्क नाही. बाकीच्या जगावर मात्र आहे.

चामडीच्या ओपीडीत काय चालतं ते बाहेरच्याला कळत नाही. लोकांना वाटतं खरूज-नायटा. तो असतोच. पण नायट्यापेक्षा नायट्यावर लोकांनी स्वतः केलेले उपाय जास्त असतात. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब, मेव्हण्याला लागू पडलेली ट्यूब, बॅटरीतलं पाणी. आणि निम्मी लाईन असते गोरं व्हायला आलेली. सावळ्या, चांगल्या धडधाकट पोरी आयांनी हाताला धरून आणलेल्या. मॅडम सांगतात, हिला काही झालेलं नाही. आई म्हणते, झालं नाही कसं, काळी आहे ना. यावर मॅडम डोळे मिटतात आणि मी पुढचा नंबर पुकारतो.

मला स्वतःला या खात्यानं एक रोग लावलाय, तो म्हणजे धास्ती. माझ्या डाव्या तळपायाला तीळ आहे. तो वाढतोय असं मला दर महिन्याला वाटतं. दर महिन्याला मी चप्पल काढून उभा राहतो आणि मॅडम वाकून बघतात. "दत्तू, हा तीळ आहे. मागच्या महिन्यातपण तीळच होता." बरं वाटतं. आठवडाभर टिकतं.

तर एका वर्षी धान कापून झाल्यावर, दिवाळीच्या पुढं-मागं, बाकाच्या टोकाला एक बाई येऊन बसली. वय तिशीच्या पुढचं. तणसाच्या, वाळल्या धानाच्या काडाच्या, रंगाचे केस, भुवया तशाच, अंग लालसर गोरं आणि डोळे एका जागी ठरत नव्हते, सारखे थोडे थोडे हलत होते. ऊन तोंडावर म्हणून तिनं पदर कपाळावर ओढला होता. शेजारी बाप, वाळलेला म्हातारा, खांद्यावर दुपट्टा. चिचगडकडून पहिल्या गाडीनं आले होते. बापाचं नाव सोमाजी, लेकीचं फुलवंता. पण गावात तिला फुलवंता कोणीच म्हणत नव्हतं. भुरी म्हणायचे. चिठ्ठी काढणाऱ्यालासुद्धा बापानं आधी भुरीच सांगितलं होतं.

त्यांच्या पुढं गोंदियातला एक कापडवाला सेठ बसला होता. त्याला मुलीच्या लग्नाआधी तिच्यासाठी गोरी करायची क्रीम पाहिजे होती. त्यानं फुलवंताकडं बघितलं आणि बापाला विचारलं, "इतनी गोरी है, इसको क्या तकलीफ हो गई?"

पदराआडून फुलवंताच बोलली. "अदलाबदल करता का सेठजी? आत्ताच देऊन टाकीन."

सेठ हसला. ती हसली नाही. तिनं पदर जरा बाजूला केला. उजव्या कानाच्या वरच्या कडेला जखम होती, करंगळीच्या नखाएवढी, कडा कडक, वर खपली. कधीची म्हणलं, तर म्हणाली रोवणीपासून. चिखलात वाकून धान रोवताना टोचल्यासारखं व्हायला लागलं, मग सोललं, मग भरलंच नाही. पाऊस सरला, कापणी झाली, तरी भरलं नाही.

भरत नाही हा शब्द ऐकला की मी नंबर-बिंबर बघत नाही. सेठला थांबवलं आणि तिला आधी आत घेतलं. सेठ अजून माझ्यावर नाराज आहे.

मॅडमनी कानाचा बारीक तुकडा काढला, मी बाटली तपासणीला पोहोचवली. उत्तर आलं ते मॅडमना वाटलं होतं तेच, चामडीचा कॅन्सर. पण त्यातल्या त्यात बरा. हळू वाढणारा, जागच्या जागी असलेला. आता काढला तर कानाची कड जाईल, बाई राहील. ठेवला तर आत जाईल, मानेच्या गाठीत जाईल, मग आमच्या हातात नाही.

इथून पुढं जे झालं, त्यानं माझं डोकं आजपण फिरतं.

सोमाजीनं सरळ विचारलं, "हे झालं काऊन?" मॅडम चांगल्या डॉक्टर आहेत, विचारलं तर खरं सांगतात. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. आपल्या चामडीत रंगाचे कण असतात, ते ऊन अडवतात. उन्हानं आतल्या पेशीतली सूचना बिघडते. अंग ती दुरुस्त करत असतं, पण ऊन रोज आणि अडवणारं कोणी नाही, तर कधीतरी एक पेशी बिघडलेलीच राहते आणि भलतीच वाढायला लागते. सावळ्या माणसाला हे सहसा होत नाही. फुलवंताच्या अंगात रंग बनतच नाही. का बनत नाही? तर रंग बनवायची सूचना प्रत्येकाला दोनदा मिळते, एकदा आईकडून, एकदा बापाकडून. दोन्हींतली एक जरी चांगली असली तरी रंग येतो. सोमाजीकडं एक बिघडलेली आहे, एक चांगली. तिच्या आईकडंही तसंच असणार. म्हणून दोघं दिसायला सावळे. फुलवंताला नेमक्या दोन्ही बिघडलेल्या आल्या. मॅडमनी विचारलं, तुम्ही नवरा-बायको नात्यातले का?

सोमाजीला नवल वाटलं. "मामाचीच पोरगी केली. आमच्यात पहिला हक मामाच्या घरचा असते. दुसरीकडून काऊन आणू?"

मॅडम म्हणाल्या, एकाच घरातले असले की तीच बिघडलेली सूचना दोघांकडं असायचा संभव वाढतो. दोष कोणाचा नाही.

मला वाटलं म्हाताऱ्याला कळलं नसेल. मी माझ्या परीनं मध्ये पडलो. म्हणलं, सोमाजी, असं समजा खोलीत दोन बल्ब आहेत. एक गेला तरी उजेड राहतो. दोन्ही गेले की अंधार.

तो म्हणाला, "आमच्या घरी लाईनच नसते गा."

पण त्याला कळलं होतं. जरा जास्तच कळलं होतं. त्यानं दुपट्टा खांद्यावर नीट टाकला आणि उठला. "म्हणजे जन्माचंच हाये. मायबापाकडूनच आलं. मंग कापून फायदा काय? आज कान कापाल, उद्या नाक कापाल. अंगात हाये ते अंगातच राहते ना. चाल वो भुरी."

मॅडम मागं मागं व्हरांड्यापर्यंत आल्या. कॅन्सर जन्माचा नाही, बाबा. जन्माचा आहे तो फक्त रंग नसणं. कॅन्सर उन्हानं आणलाय, आणि तो काढता येतो. म्हातारा हो हो म्हणत चालत राहिला. फुलवंता मागं वळून बघत होती, पण तिला लांबचं दिसत नाही. आम्ही उभे आहोत का नाही, हेसुद्धा तिला दिसलं नसणार.

हे मी एकदाच बघितलं असतं तर सोडून दिलं असतं. दोन भावंडं यायची, उन्हात गेली की अंगावर काळे ठिपके उठायचे, त्यांच्यात रंग होता पण दुरुस्तीच कच्ची होती. जन्माचं आहे कळल्यावर त्यांच्या आईनं पण आणायचं बंद केलं. आईबापाकडून आलेलं आहे हे कळेपर्यंत माणूस दहा गावचे डॉक्टर, वैद्य, बाबा फिरतो. आणि ते कळलं की एका दिवसात हात टेकून बसतो. घराण्यातलं म्हणजे कपाळावर लिहिलेलं, असा हिशोब. अहो, घराण्यात उंची असते म्हणून कोणी चौकट ठेंगणीच ठेवून रोज डोकं आपटत बसतं का? मी मॅडमना म्हणलं, पुढच्या वेळी खरं सांगूच नका, मुंगळा चावला म्हणून सांगा. मॅडम माझ्यावर चिडल्या. त्यांचं बरोबर होतं. पण माझंही काही अगदीच चुकीचं नव्हतं.

चिठ्ठीवर फुलवंताच्या धाकट्या भावाचा, हेमराजचा, फोन नंबर होता. मी फोन लावायला लागलो. हेमराज गुळमुळीत. "हो भाऊ, आणतो भाऊ. बाबा वावरातलं पाहून रायले. बाबा बाजारात गेले." एकदा तर फोन सोमाजीनंच उचलला आणि म्हणाला, सोमाजी घरी नाही. मी म्हणलं, आवाज तर तुमचाच आहे. तो म्हणाला, "आवाज सारखा असते, घराण्यात हाये."

महाशिवरात्रीला आम्ही घरचे सगळे नागऱ्याला, शंकराच्या जत्रेला गेलो. देवळापुढं लाईन, बाहेर मैदानात दुकानं, पाळणे, आणि लोकांनी जिथं जागा मिळेल तिथं पथाऱ्या टाकलेल्या. मुलाला पाणी आणायला निघालो तर समोर सोमाजी. बरोबर एक जाडजूड माणूस, डोक्याला टॉवेल, तो हेमराजचा मामा निघाला. त्याचं गाव नागऱ्याच्याच बाजूला. आणि मधोमध, भर दुपारी, उघड्यावर फुलवंता. पदर डोक्यावर होता, पण उजवा कान मुद्दाम बाहेर काढून उन्हाकडं धरलेला. त्यावर हळद थापलेली. जखम आता नखाएवढी नव्हती. अंगठ्याएवढी होती.

मी म्हणलं, हे काय चाललंय?

सोमाजी म्हणाला, "घाव वाळवून रायली. ऊन लागलं की घाव वाळते."

मी देवाच्या दारात कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. ज्या उन्हानं कान खाल्ला त्यालाच तुम्ही कान दाखवताय, शेण वाळवतात तसा, असं काहीतरी बोललो. आजूबाजूचे बघायला लागले. सोमाजीनं मला दंडाला धरून पिंपळाच्या बाजूला नेलं आणि मग हळू आवाजात त्याचं खरं दुखणं बाहेर आलं. हेमराजचं लगन ठरत होतं, या मामाच्याच पोरीशी, ममताशी. वैशाखात. कानाला कॅन्सर हाये म्हणून निघालं तर मामा पोरगी देईल का? कान कापलेली बहीण मांडवात कशी बसवायची? आणि वरून तुमची मॅडम म्हणते घराण्यातलंच हाये. "लगन होऊ दे गा. मंग पाहू."

मी म्हणलं, वैशाखापर्यंत हे थांबणार नाही.

"जन्मापासून थांबलंच ना," तो म्हणाला. "अंगातलंच हाये ते. पोट्टीच्या नशिबाचं हाये, तुमी काऊन एवढा जीव काढून रायले?"

मी उत्तर द्यायच्या आधी फुलवंता तिथं आली. आवाजाच्या अंदाजानं आली असणार. तिनं बापाला विचारलं, "बाबा, तू दर साल पावसाआधी काय करतेस?"

सोमाजीला कळेना. मलाही कळेना. तेव्हा मला तिनंच सांगितलं. तिचा बाप कवेलू, म्हणजे घरावरची कौलं, फेरायचा. पावसाळ्याआधी लोकांच्या छपरावर चढून फुटके कवेलू काढायचे, सरकलेले सारखे करायचे, माकडांनी उडवलेले नवे बसवायचे. आसपासच्या गावांत या कामाला त्याला बोलावणं असायचं. उन्हाळाभर म्हातारा छपरांवरच.

"एखाद्याच्या घरावर कवेलूच नाही," फुलवंता म्हणाली, "पाऊस आला, भिंत भिजली. तू म्हणतेस का, जाऊ दे गा, घरच पाण्याचं हाये, पडू दे? का ओली भिंत पाडून नवी बांधतेस, अन् वरून झाकतेस?"

म्हाताऱ्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"माह्यावर कवेलू नाहीत, बाबा. मायबापानं टाकले नाही, टाकायले होतेच नाही तुमच्यापाशी. पण भिजलेली भिंत तं काढू दे. साऱ्या गावाच्या घरावर चढलास."

मी इतकी वर्षं पेशंटांना समजावतोय. बल्ब सांगितले, कुलूप-किल्ली सांगितली, बैलजोडी सांगितली. हे मला सुचलं नव्हतं. पण ते सुचणं माझं कामच नव्हतं, तिचा कान होता.

तेवढ्यात मामा मागून आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. सोमाजीचा चेहरा उतरला. मामानं वाकून फुलवंताचा कान बघितला. मग म्हणाला, "कान कापला तं पोरगी देत नाही, असं कोण बोललं गा भाटवा?" इकडं बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात.

"कोणी नाही बोललं."

"मले इचारलं का?"

"नाही."

"मंग कायले मनातल्या मनात लगन मोडून रायला? पोट्टीचा कान सडवला तुमी, माह्या नावानं." आणि तो माझ्याकडं वळला. "पुणेवाले भाऊ, तुमी उद्या बसता का दवाखान्यात?"

मी म्हणलं, मी पुण्याचा नाही. पण बसतो.

दुसऱ्या दिवशी ते सगळे आले, मामा आणि ममतासुद्धा. सर्जरीच्या डॉक्टरांनी आणि मॅडमनी मिळून कान हाती घेतला. जखम मोठी झाली होती म्हणून कड जास्त घ्यावी लागली. धान कापल्यावर पहिल्यांदा आले होते तेव्हा ऐकलं असतं तर निम्मी वाचली असती. हे मी सोमाजीला बोलून दाखवलं. बोलायला नको होतं असं मॅडम म्हणाल्या, पण मला राहवलं नाही. कान बधिर करून काम चालतं, पेशंट जागा असतो. मी दिव्याशी उभा होतो. फुलवंता एकदाच बोलली, "भाऊ, तो तुकडा बाटलीत टाकाल तं सावलीत ठेवा त्याले." मॅडमचा हात क्षणभर थांबला. हसू येत होतं त्यांना.

तपासणीत कडा साफ आल्या. मानेत गाठ नव्हती. तो निरोप मी हेमराजला फोनवर तीनदा दिला, तो म्हणाला, भाऊ, पहिल्यांदाच ऐकू आलं.

टाके काढायला आले तेव्हा मॅडमनी हेमराज आणि ममताला समोर बसवलं. त्यांचं काम होतं ते. हेमराज फुलवंताचा सख्खा भाऊ, ममता तिच्या मामाची मुलगी. तीच बिघडलेली सूचना दोघांकडं असू शकते. असेलच असं नाही. पण असली, तर होणाऱ्या मुलाला दोन्ही बिघडलेल्या मिळायचा संभव साध्या घरापेक्षा जास्त. विचार करा, म्हणाल्या.

फुलवंता कानाला पट्टी बांधून तिथंच बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे माह्यासारखी पोट्टी होऊ नये म्हणून?"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखी होऊ नये म्हणून नाही. तुझ्यासारखं उन्हात राबावं लागू नये म्हणून."

ममता तोपर्यंत खाली मान घालून होती. तिनं मान वर केली. "ताईनंच आमाले खेळवलं लहानपणी. भुरी झाली तं झाली. पण ऊन नाही लागू देणार."

वैशाखात लग्न लागलं. मी गेलो होतो. मांडवावर दुहेरी पानं टाकलेली होती, आणि फुलवंता मधोमध, अर्ध्या कानाची, नवी साडी नेसून बसली होती. मॅडमनी सांगितलं ते ऐकून, नीट समजून त्यांनी ते लग्न केलं. मी असतो तर केलं असतं का, ठाऊक नाही. मी तर तिळाला भिणारा माणूस.

आणि ह्या वर्षी ममताला पोर झाली. भुरी.

आता इथं कोणी मला विचारील, म्हणजे मॅडमचं खरं झालं ना? मला त्या 'खरं झालं'चा राग येतो. संभव होता, तो आला. नसताही आला. पोरीच्या जन्मानंतर घरात रडारड झाली नाही एवढं हेमराजनं फोनवर सांगितलं. झालं ते वेगळंच. सोमाजीची बहीण बाळंतपणाला आली होती. तिनं रीतीप्रमाणं बाळाला तेल चोळलं आणि अंगणात कोवळ्या उन्हात सुपात ठेवलं. सगळेच ठेवतात, दवाखान्यातल्या नर्साही कावीळ होऊ नये म्हणून तसं सांगतात. फुलवंतानं सूप उचलून घरात आणलं. आत्या म्हणाली, उन्हाशिवाय पोर बाळसं धरेल कशी. फुलवंता म्हणाली, मले पाहा, हा कान पाहा. भांडण पेटलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी वरात आमच्या ओपीडीत.

आली ती बाकावर बसली. सकाळची वेळ, बाकावर ऊन. फुलवंता बाळाला पदरात घेऊन सावलीच्या टोकाला बसली. ऊन सरकलं की ती सरकायची. ती सरकली की नंबर बिघडायचा. मागचे ओरडायला लागले, "ओ बाई, लाईन मोडून रायली ना." मी नोकरीभर त्या लाईनसाठी घसा फोडलाय, एका नंबरसाठी लोकांशी भांडलोय. त्या दिवशी मी पुढं जाऊन ओरडणाऱ्यालाच सांगितलं, तू सरक. तो म्हणाला, कुठं सरकू, तिकडं ऊन आहे.

सोमाजी हे सगळं बघत उभा होता. नंतर तो व्हरांड्याच्या कडेला गेला, वर वाशाकडं बघितलं, हाताची वीत टाकून खांबापासून खांबापर्यंतचं अंतर मोजलं. मला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर येतेय. मी खुर्ची दिली, त्यानं घेतली नाही.

पुढच्या खेपेला तो ऑटोवर बांबूचे तट्टे बांधून घेऊन आला. चिचगडकडं कुडाच्या भिंतींना विणतात तसले, पण बारीक विणीचे. सुंभ बरोबर आणलेला. ह्या वयात तो आमच्या व्हरांड्याच्या कठड्यावर उभा राहिला आणि एकेक तट्टा वाशाला बांधायला लागला. मी खालून धरत होतो आणि शिव्या घालत होतो, पडाल म्हणून. बाकावरचं ऊन पट्ट्यापट्ट्यानं कमी होत गेलं. लोक आपापल्या जागी मागं टेकून बसले. जणू ते तट्टे तिथं कायमच होते.

ऑफिसातून एक बाबू खाली आला. त्यानं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "हे काय चाललंय? जाळीचा प्रस्ताव गेलेला आहे. सरकारी इमारत आहे ही. कोणाच्या परवानगीनं?"

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं सगळं साठलेलं होतं, ते एकदम बाहेर येणार होतं. पण वरून सोमाजी दातात धरलेला सुंभ काढून बोलला.

"नातीच्या."

आणि त्यानं पुढची गाठ मारली.